तुलनेला काय ठेवलं?

आमच्या सरांना मनापासून हसताना मी पहिल्यांदा पाहिलं ते धरणगावच्या पुढे एका मक्याच्या शेतात, आणि त्या वेळी शेताचा मालक कपाळाला हात लावून बांधावर बसला होता. लष्करी अळी खानदेशात नवीनच आली होती तेव्हा. मक्याचा पोंगा, म्हणजे शेंड्याची पानांची गुंडाळी, उघडावा तर आत ओला भुसा आणि त्या भुशात लोळणारी गुबगुबीत अळी. सर वाकून एकेक पोंगा उघडत होते आणि लग्नाच्या मांडवात जुना वर्गमित्र भेटावा तसे हसत होते.

"सर, आमना मका ग्या नि तुम्ही हासी राहिनात?" मालकानं विचारलं.

"आबा, हाऊ किडा कोन शे, ठाऊक शे का तुमले?" सर म्हणाले. वर्गात सर शुद्ध बोलत. आनंद झाला किंवा डोकं फिरलं की अहिराणीत शिरत.

मग त्यांनी त्या बिचाऱ्याला उभ्या उन्हात समजावून सांगितलं की याच किड्याच्या पेशी परदेशातल्या प्रयोगशाळा कित्येक वर्षं बाटलीत जिवंत ठेवून आहेत. त्या पेशींत विषाणू सोडून लोक लसी बनवतात, औषधं बनवतात. त्या मिळाव्यात म्हणून सरांनी दिल्लीपर्यंत अर्ज केले होते आणि प्रत्येक वेळी एकच उत्तर आलं होतं, की जळगावच्या उन्हात पेशी जगणार नाहीत. आणि आता अख्खा किडाच पायी चालत आला होता, अर्जाशिवाय. सरांनी साठ अळ्या गोळा केल्या आणि पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढून आबांच्या हातात ठेवला. आबांनी पेढ्याकडे पाहिलं, मक्याकडे पाहिलं, आणि दुसरं काही करण्यासारखं नसल्यामुळे पेढा खाल्ला.

मी तेव्हा त्यांच्याकडे पीएच.डी.ला नुकतीच लागले होते. नशिराबादहून रोज बसनं जळगावच्या कॉलेजात यायचे. एम.एस्सी. झाल्यावर पुढे काय करावं हे सुचलं नाही की आमच्याकडे मुली पीएच.डी. करतात, त्यातलीच मी. सरांनी पहिल्या दिवसापासून मला 'शास्त्रज्ञ' म्हणायला सुरुवात केली. फ्रिजचं दार उघडं टाकणाऱ्या शिपायालाही ते 'काय शास्त्रज्ञ' असंच म्हणत, त्यामुळे मी हुरळून गेले नाही.

सरांचं सगळं संशोधन होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटल्यांवर चालायचं. गावातल्या एका होमिओपॅथ डॉक्टरांशी त्यांनी त्यासाठी मैत्री ठेवली होती. प्रत्येक अळीला स्वतंत्र बाटली, कारण या अळ्या एकमेकींना खातात. "दोन ठेवल्या की एकच उरते आणि ती जाडी होते," सर म्हणायचे, "विद्यापीठासारखंच." बाटलीत हरभऱ्याच्या पिठाचा, अगरचा आणि यीस्टचा ढोकळ्यासारखा चौकोनी तुकडा. तो आम्हीच शिजवायचो. पीएच.डी.च्या पहिल्या दोन वर्षांत मी जेवढं बेसन हलवलं तेवढं आमच्या घरच्या तीन लग्नांत मिळून कुणी हलवलं नसेल.

त्यांच्याकडे दोन थर्मास होते, अगदी सारखे. लाल झाकणाच्यात चहा, निळ्या झाकणाच्यात बर्फावर ठेवलेला, अळ्यांना मारणारा विषाणू. पाहुणे आले की सर थर्मास पुढे करून आग्रह करायचे. विभागात नव्यानं आलेला माणूस चहा घ्यायचा, जुना माणूस उपास सांगायचा. वर्षभर उपास करणारे इतके धार्मिक सहकारी मी दुसऱ्या कुठल्याही विभागात पाहिले नाहीत.

आणि त्यांचा तो प्रश्न. कुणी काहीही ठासून सांगितलं की सर मान तिरकी करून विचारायचे, "तुलनेला काय ठेवलं?" त्यांच्या साडूंनी कसलंसं तेल चोळून गुडघे बरे झाल्याचं सांगितलं, तर सर म्हणाले, "एकाच गुडघ्याला चोळायचं होतं ना. दुसरा तुलनेला." साडू त्यानंतर गुडघ्यांसकट यायचे बंद झाले. एका लग्नात यजमान कौतुकानं म्हणाले, असं भरीत दुसऱ्या कुठल्या वांग्याचं होणं नाही. सरांनी विचारलं, दुसऱ्या वांग्याचं याच चुलीवर, याच तेलात करून पाहिलं होतं का? पंगतीत आमच्या रांगेला नंतर भरीत फिरलंच नाही.

खोटं बोलणं त्यांना जमायचं नाही. प्रामाणिकपणाचं कौतुक म्हणून सांगत नाही, एखाद्याला शीळ घालता येत नाही तसं होतं ते. बासुंदी करपली असेल तर वाढणाऱ्या बाईंना ते तसं सांगायचे, वर बाईंचं नावही विचारायचे. माझे वडील केळ्यांची फणी घेऊन त्यांना भेटायला आले आणि पोरगी कशी आहे म्हणून विचारलं, तेव्हा सर म्हणाले, "हुशार नाही. पण चिकट आहे." वडील आनंदानं घरी गेले आणि ते वाक्य त्यांनी गल्लीभर सांगितलं. मला आठवडाभर राग होता.

प्राचार्यांशी त्यांचं वाकडं झालं तेही याच प्रश्नापायी. प्राचार्यांनी बारावीच्या मुलांना यशाचा मंत्र म्हणून दोन तासांचं भाषण दिलं, निकाल चांगला लागला, आणि त्यांनी स्टाफ मीटिंगमध्ये भाषणाचे पुढचे दौरे जाहीर केले. सरांनी हात वर केला. म्हणाले, 'ब' तुकडीची त्या दिवशी सहल होती, त्यांनी भाषण ऐकलंच नाही, आणि त्यांचा निकाल आणखी चांगला आहे. मीटिंगमध्ये कुणी हसलं नाही. हसू आवरण्यात आमचा स्टाफ तयार आहे.

पुढे कोरोना येऊन गेला आणि प्राचार्यांना संधी मिळाली. कॉलेजच्या आवारात 'विषाणू' हा शब्दही नको, असं त्यांनी लेखी कळवलं. सरांनी लेखी उत्तर दिलं की हा विषाणू फक्त अळीला होतो, माणसाला नाही, गुरांना नाही, आणि प्राचार्यांनाही नाही. शेवटचे तीन शब्द नसते तर कदाचित जागा टिकली असती. संस्थेची धरणगावला एक जुनी, कापसाच्या जिनिंगची शेड होती, तिथे दोन दारं, बारीक जाळी आणि रीतसर परवानग्या घेऊन विषाणूची रवानगी झाली. निरोगी अळ्या तेवढ्या कॉलेजात राहिल्या. सरांचं घर शेडपासून दोन गल्ल्यांवर होतं, त्यामुळे त्यांना ही शिक्षा बढतीसारखी वाटली.

आता हा विषाणू काय करतो, ते सरांच्याच भाषेत सांगते, कारण माझ्या प्रबंधात ते कुणाला कळलेलं नाही. "अळी म्हणजे पंगतीचा आचारी," सर सांगायचे. "शिधा अळीचा, चूल अळीची. विषाणू आत शिरतो आणि नुसती चिठ्ठी देतो, लाडू वळा. लाडू म्हणजे त्याला राहायला लागणारं प्रथिनाचं घर. आणि चिठ्ठीवरचा हुकूम असा जबरदस्त, की आचारी सगळा स्वयंपाक सोडून मरेपर्यंत लाडूच वळतो. आपण काय करायचं? तोच हुकूम वापरायचा आणि चिठ्ठीवर लाडूच्या खाली जिलबी लिहायची. आचारी विचारत नाही."

"आणि आपली जिलबी कोणती, सर?"

"विंचवाचं विष."

त्यामागे हिशेब होता. हा विषाणू शेतकऱ्यांना फवारायला आधीपासून मिळतो, पण तो सावकाश मारतो. फवारल्यावर अळी आठवडाभर मजेत खात राहते आणि शेतकरी विषाणूला आणि दुकानदाराला शिव्या घालतो. विंचवाच्या विषात एक असा घटक असतो की तो फक्त किड्यांना बाधतो. त्याचा जनुक विषाणूत बसवला, तर अळी स्वतःच्याच पेशींत स्वतःचं विष बनवील आणि लवकर आडवी होईल. परदेशात हे पूर्वी करून झालंय, हे सर स्वतःच सांगायचे. पण त्यांना आपला लाल विंचू हवा होता. पुण्याच्या एका मित्रानं प्रयोगशाळेत जनुक बसवून दिला आणि सर तो निळा थर्मास मांडीवर घेऊन एसटीनं आले. शेडच्या आजूबाजूला बातमी फुटायला दोन दिवस लागले.

"सर किडासना पोटमा इच्चू घालतस," पाणी भरायला आलेल्या बाया एकमेकींना सांगायच्या. एकीनं मला थांबवून विचारलं, "मंग त्या किडा डंख मारतीन का?"

डंख काही त्यांनी मारला नाही. पण जे केलं ते पाहून सर एकेक बाटली उचलून उजेडात धरायला लागले. आम्ही निळ्या रंगाच्या साखरपाण्यात विषाणू मिसळून एकेका अळीला थेंब पाजला, ज्यांचं पोट निळं दिसलं त्यांना बाटलीत घातलं, आणि दुसऱ्या दिवशी पाहतो तर ढोकळ्याला कुणी तोंडही लावलेलं नव्हतं. आठवडाभर खाणारी अळी पहिल्याच दिवशी जेवण सोडून झाकणाला चिकटून बसली होती. साध्या विषाणूचे आकडे आमच्याकडे होते, शेडमध्ये येण्याआधी कॉलेजात काढलेले. त्यात अळ्यांनी मरेपर्यंत खाल्लं होतं. निरोगी अळ्या कॉलेजात खातच होत्या. फरक डोळ्यांत भरत होता.

सर हुरळले नाहीत. वजनकाटा तीनदा तपासला. माझ्याकडून प्रयोग सहा वेळा करून घेतला. सहाही वेळा तेच. मी एकदा म्हटलं की विंचवाचं विष बाधलं तर अळी वाकडी होऊन खाली पडायला हवी, ह्या तर नुसत्या रुसल्यासारख्या बसतात. सर म्हणाले, "आपला विंचू खानदेशी आहे. परदेशी विंचवासारखा का वागेल?" त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे एकमेव अशास्त्रीय वाक्य. माणसाला आयुष्यात एकदा तरी स्वतःचं कौतुक वाटतंच, आणि ते नेमकं चुकीच्या वेळी वाटतं.

निबंध परदेशी नियतकालिकात छापून आला. सरांचं नाव आणि माझं नाव. सरांच्या निवृत्तीला वर्ष उरलं होतं आणि उभ्या नोकरीत त्यांचं एवढं मोठं छापून आलेलं हे पहिलंच. प्राचार्यांनी फाटकावर फ्लेक्स लावला आणि त्यावर 'विषाणू' हा शब्द दोन फुटी अक्षरांत होता. शाल दिली, नारळ दिला, भाषणात सांगितलं की या संशोधनाला पहिल्यापासून आपला पाठिंबा होता. सरांनी तोंड उघडलं, पण काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, खालून त्यांचा सदरा ओढला.

मलाही पालवी फुटली. शिरपूरच्या एका कॉलेजात कायम जागा निघाली, मुलाखत झाली, निवड झाली. तीन महिन्यांत पदवी आणा म्हणाले. प्रबंध लिहून तयार होता. आमच्या घरात कायम नोकरी लागलेलं तोवर कुणीच नव्हतं. वडील आता नुसतं चिकट नव्हे, तर प्राध्यापकीण म्हणायला लागले होते.

मे महिन्यात सर मोतीबिंदू काढायला मुलीकडे पुण्याला गेले. शेडमधलं पीठ संपलं म्हणून मी त्यांच्या घरी गेले. शेडसाठी पीठ त्यांच्या घरूनच यायचं. कॉलेजची खरेदी निविदेनं व्हायची, म्हणजे तोवर अळ्यांची पतवंडं झाली असती. शिवाय बाजारच्या बेसनात वाटाणा असतो, घरच्या हरभऱ्याचं पीठ शुद्ध, असं सरांचं मत. तीन वर्षं मी ते बांधलेल्या पिशवीत घेतलं होतं. त्या दिवशी काकू कोठीत वाकून डाळ काढत होत्या आणि सुपात डाळीबरोबर वाळलेल्या पाल्याचा चुरा पडत होता.

"काकू, हे काय?"

"निंबना पाला. दायमा किडा पडाले नको म्हनीसन टाकस. मन्ही सासू बी टाके."

"आणि दळताना?"

"घरनं पीठ मी निवडीसन दयस." काकू हसल्या. "तुमना किडासकरता कोन निवडी? जे खाले ऱ्हास, ते तसंच गिरनीमा देस."

म्हणजे तळाशी उरलेली डाळ पाल्यासकट दळून आमच्याकडे येत होती. मी पिशवीतलं चिमूटभर पीठ जिभेवर ठेवलं. कडू जहर. कडुनिंबाच्या पाल्यानं किडे अन्नाला तोंड लावत नाहीत हे प्रत्येक घरातल्या बाईला माहीत असतं. पुस्तकातही असतं, आणि ते पुस्तक मी बी.एस्सी.च्या मुलांना शिकवलं होतं. डाळीत अळी पडू नये म्हणून काळजीनं जपलेलं पीठ आम्ही तीन वर्षं अळ्यांना वाढत होतो आणि त्या जेवत नाहीत म्हणून विंचवाला श्रेय देत होतो. कॉलेजातल्या अळ्यांना निविदेचं बेसन होतं, वाटाणा घातलेलं, त्यामुळे त्या बापड्या पोटभर जेवत होत्या. अख्ख्या खानदेशाला तुलनेला काय ठेवलं म्हणून विचारणाऱ्या माणसानं तुलनेच्या अळ्यांना वेगळं पीठ घातलं होतं.

काकूंनी ताक दिलं. ते पिताना मी काय बोलले ते मला आठवत नाही.

सर यायला वेळ होता. मी शेडमध्ये चार ओळी मांडल्या. काकूंचं पीठ आणि विषाणू. काकूंचं पीठ, विषाणू नाही. दुकानचं पीठ आणि विषाणू. दुकानचं पीठ, विषाणू नाही. प्रत्येक ओळीत तीस बाटल्या. दुसऱ्याच दिवशी निकाल लागला होता, तरी मी शेवटपर्यंत थांबले. काकूंच्या पिठाला कुणीही तोंड लावलं नाही, विषाणू असो वा नसो. दुकानच्या पिठावर विंचवाचा विषाणू पाजलेल्या अळ्याही दिवसेंदिवस चरत राहिल्या. मेल्या, पण साध्या विषाणूच्या जुन्या आकड्यांपेक्षा अर्धाएक दिवस लवकर, एवढंच. विंचवाची सगळी करामत तेवढी अर्ध्या दिवसाची होती.

सवयीनं मी हे सगळं वहीत लिहिलं. आमच्या वह्यांना सर स्वतः लाल शाईनं पानांचे आकडे घालायचे, आणि वहीचं पान फाडणं हा त्यांच्या लेखी एकमेव अक्षम्य गुन्हा होता. आकडा चुकला तर खोडा, सही करा, पण पान जाग्यावर राहिलं पाहिजे. एका मुलाला त्यांनी एका पानासाठी विभागातून काढलं होतं. हे सगळं ठाऊक असून मी पासष्ट ते अडुसष्ट ही पानं, म्हणजे दोन कागद, पट्टी लावून सफाईनं फाडले, चार घड्या घातल्या आणि पर्समध्ये टाकले. मग अकरा दिवस गप्प बसले. त्या अकरा दिवसांत मी प्रबंध सादर करायचे फॉर्म भरले, 'हे संशोधन सत्य आहे' या ओळीखाली सही केली, आणि शिरपूरला भाड्याच्या खोल्या बघून आले. झोप येत नव्हती वगैरे काही नाही. झोप चांगली लागायची. त्याचीच मला जास्त लाज वाटते.

सर काळा चष्मा लावून परत आले आणि पहिल्याच शनिवारी घरी ओसरीवर वही घेऊन बसले. नव्या डोळ्यानं त्यांना सगळं लखलखीत दिसत होतं.

"शास्त्रज्ञ, चौसष्टनंतर एकोणसत्तर कसं आलं?"

मी पर्स उघडली आणि घड्या त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी कागद मांडीवर सरळ केले आणि वाचले. पुन्हा पहिल्यापासून वाचले. मी अहिराणीची वाट बघत होते. ती आली नाही.

"मांडणी चांगली आहे," ते म्हणाले. "चार ओळी, तीस-तीस. हे मला तीन वर्षांपूर्वी सुचायला हवं होतं." मग कागद पुन्हा जुळवत, "किती दिवस झाले याला?"

"अकरा."

दारात काकू उभ्या होत्या. त्यांना सगळं कळलं नव्हतं, पण पाल्यानं काहीतरी घात केला एवढं कळलं होतं आणि त्या पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. "तू काब्र रडी राहिनी?" सर म्हणाले. "पालानी पालानं काम करं. आम्ही दोन्ही शिकेल शेतस, नि तीन वरीस पीठ चाखीसन देखं नही." मग त्यांनी डिंकाची बाटली मागवली आणि ती पानं एकेक करून वहीत परत चिकटवली. बोटानं दाबून धरून, सुकेपर्यंत. मला त्यांनी एक शब्द बोलून दाखवला असता तर बरं वाटलं असतं. ते सुख त्यांनी मला दिलं नाही.

पुढचं सगळं त्यांनी घाईनं केलं. सगळ्या ओळी पुन्हा लावल्या, साधा विषाणू आणि एकच पीठ घेऊन, स्वतःच्या हातानं. निबंध मागे घेतोय म्हणून नियतकालिकाला कळवलं आणि चूक माझी, विद्यार्थिनीची नाही, असं लिहिलं. प्राचार्यांना जाऊन सांगितलं. फाटकावरचा फ्लेक्स त्या संध्याकाळी उतरला. मागच्या निवडणुकीचे फ्लेक्स तिथे अजून आहेत, त्यावरून आमच्या कॉलेजची कार्यक्षमता लक्षात यावी. मग माझा प्रबंध त्यांनी माझ्यासमोर बसून नव्यानं लिहून घेतला, कडुनिंबासकट, अर्ध्या दिवसाच्या विंचवासकट. शिरपूरवाल्यांनी दिवाळीपर्यंत मुदत वाढवली. आज मी तिथेच शिकवते. पण पुढच्या प्रसंगातलं खरं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, घरीही नाही.

माझी तोंडी परीक्षा कॉलेजच्या सभागृहात झाली. खुली होती, त्यामुळे सगळा स्टाफ आला होता, आणि प्राचार्य पहिल्या रांगेत बसले होते. सर तोवर निवृत्त झाले होते, मार्गदर्शक म्हणून बाजूच्या खुर्चीवर होते. मागे माझे वडील इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. बाहेरगावचे परीक्षक सावकाश बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी प्रबंध बाजूला ठेवला आणि मूळ वही मागितली. लोक सहसा मागत नाहीत. ते एकेक पान उलटत गेले आणि एका जागी थांबले. डिंकाच्या पट्टीवरून त्यांनी बोट फिरवलं.

"ही पानं फाडून परत लावलेली दिसतात," ते म्हणाले. "आणि नेमकी हीच. कुणी फाडली?"

प्रश्न मला होता. 'मी' असं म्हटलं असतं तर पदवी तिथेच संपली असती, शिरपूरही संपलं असतं, आणि ते न्याय्यच झालं असतं. तेवढ्यात शेजारची खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मी फाडली," सर उभे राहून म्हणाले. "पोरीनं मला त्याच दिवशी घरी येऊन सगळं सांगितलं. संध्याकाळी सहा वाजता. माझं तीन वर्षांचं काम पाण्यात गेलं, म्हणून मी रागानं फाडली. नंतर चिकटवली."

सभागृहात कुणीतरी हसलं. प्राचार्यांनी शेजारच्यांच्या कानात काहीतरी सांगितलं आणि तेही हसले. ज्या मुलाला एका पानापायी काढलं होतं, तो तोवर त्याच कॉलेजात शिकवायला लागला होता. तो मागच्या भिंतीला टेकून सरांकडे टक लावून बघत होता. सर उभेच होते, कान लाल झालेले, हात मागे बांधलेले, माझ्याकडे न बघता.

परीक्षकांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "असंच घडलं ना, बाई?"

"हो सर," मी म्हणाले.